खंडाळ्याच्या घाटात गाडी माघारी वळायची तेव्हा

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावाची वाट पिढ्यान्‌पिढ्या समुद्राची होती. एका अंगाला जैतापूरची खाडी, तिच्या काठावर यशवंतगड, पुढे आंबोळगड आणि मग नुसतं पाणी. मुंबईला जायचं तर मुसाकाजीला बोट धरायची. पावसाळा लागला की बोट बंद, म्हणजे मुंबईही बंद. घाटावर जायचं झालं तर अणुस्कुऱ्याची वाट होती, पण ती बैलांची आणि पायांची. रेल्वे हे प्रकरण आमच्याकडच्या लोकांनी मुंबईत गेल्यावरच पाहिलं.

आता राजापूर रोडला गाडी थांबते. विलवडे, आडवलीच्या बाजूला बेर्डेवाडीचा चार किलोमीटरचा बोगदा आहे, रत्नागिरीच्या उत्तरेला साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा. या बोगद्यांतून रात्रंदिवस गाड्या धावतात. गाड्या धावायच्या थांबल्या, रूळ उचलले गेले आणि बोगदे तेवढे डोंगरात राहिले, असा प्रकार कोकण रेल्वेच्या वाट्याला अजून यायचा आहे. तिचं वय तरी किती! तो पाहायचा तर खंडाळ्याच्या घाटात जावं लागतं. जुन्या कागदपत्रांत त्याला बोरघाट म्हणतात. तिथे १८६३ मध्ये सुरू झालेली आणि १९२९ च्या सुमारास सोडून दिलेली एक वाट आहे आणि त्या वाटेवर एक स्टेशन होतं. या स्टेशनात शिरलेली गाडी आली त्याच तोंडाने पुढे जाऊ शकत नसे. पुढे कडा होता.

त्या स्टेशनाचं नावच ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. गाव नाही, बाजार नाही, नाव द्यायला दुसरं काही नव्हतंच.

हे असलं स्टेशन का बांधावं लागलं, ते समजायला थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. जगन्नाथ शंकरशेट त्या गाडीत होते, हेही. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने ठाण्याला जाण्यासाठी विलायतेत भांडवल उभं केलं नव्हतं. तिला दख्खनचा कापूस हवा होता आणि कापूस सह्याद्रीच्या पलीकडे होता. सुरुवातीच्या आराखड्यात माळशेज घाटाचा विचार होता. कंपनीचा मुख्य इंजिनिअर म्हणून जेम्स बर्कली आला, त्याने डोंगर पालथे घातले आणि एकाऐवजी दोन वाटा नक्की केल्या: ईशान्येला थळघाट, म्हणजे कसाऱ्याचा, आणि आग्नेयेला बोरघाट.

१८५६ मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला डोंगर तेवढा राहिला. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. घाटात गाडीरस्ता आधीपासून होता. गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात १८३० मध्ये तो खुला झाला होता. म्हणजे माणसाला घाट नवा नव्हता. नवं होतं ते लोखंडी चाकाला लोखंडी रुळावरून वर नेणं. बैल पाय रोवतो, चाक घसरतं.

बर्कलीच्या आखणीत पायथ्यापासून माथ्यापर्यंत १,८३१ फूट चढायचं होतं आणि त्यासाठी हाताशी होती जेमतेम सोळा मैलांची लांबी. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही. वाफेच्या इंजिनाच्या दृष्टीने ती भिंतच. शिवाय रूळ काटकोनात वळवता येत नाहीत. डोंगराच्या सोंडेवरून चढत गेलं की सोंड संपते. तिथे मोठा वळसा घ्यायला जागा हवी. बोरघाटात ती नव्हती. मग बर्कलीने वळसा घेण्याचा विचारच सोडला. सोंडेच्या टोकावर एक सपाट फलाट काढला. खालून आलेली गाडी तिथे थांबायची, इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला येऊन जोडलं जायचं आणि मघाशी शेवटचा असलेला डबा आता पहिला होऊन गाडी दुसऱ्या फाट्याने खंडाळ्याकडे चढू लागायची. कर्जतहून इंजिनाकडे तोंड करून बसलेला माणूस लोणावळ्याला पाठमोरा पोहोचत असे.

युक्ती साधी आणि स्वस्त. बर्कलीची मला वाटणारी थोरवी हीच, की डोंगराशी हुज्जत न घालता त्याने माघार हीच वाट केली. नंतरच्या इंजिनिअरांनी या स्टेशनाची थोडी चेष्टा केली, पण त्यांच्या हातात विजेची इंजिनं होती, हे ते विसरले.

एवढं करूनही पंचवीस बोगदे खोदावे लागलेच. हा भाग जरा सावकाश सांगायला हवा.

बोरघाटाचा दगड म्हणजे काळा कातळ, लाव्हाचा थंड झालेला थर. आल्फ्रेड नोबेलचा डायनामाइट १८६७ चा; तोवर हा घाट पुरा झाला होता. म्हणजे इथे जे काही फुटलं ते पहारीने आणि काळ्या दारूने. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावागणिक पहार थोडी फिरवायची, भोक पुरेसं खोल झालं की दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. धूर निवळला की बायका, पोरं पाट्या घेऊन आत शिरत आणि फुटलेला दगड डोक्यावरून बाहेर नेत. पुन्हा पहार. सपाट मुलखातला बोगदा खोदताना वरून विहिरीसारखे उभे खड्डे घेतात, म्हणजे एकाच वेळी चार-सहा ठिकाणी काम चालतं आणि आत हवाही येते. इथे डोंगराचा उतारच असा की बहुतेक ठिकाणी तसे खड्डे घेणं शक्य नव्हतं. दोन तोंडांकडून खोदत मधे भेटायचं, एवढाच मार्ग. काही बोगद्यांची तोंडं तर थेट कड्यात होती. तिथे पहिलं भोक पाडायला माणसं वरून दोर सोडून लोंबकळत ठेवली गेली.

पाऊस लागला की काम थांबे. मजूर पेरणीला गावी जात आणि दसऱ्यानंतर परतत. त्यांत वडार होते, त्यांचा पिढीजात धंदाच दगडमातीचा. बाकी देशावरचे शेतकरी आणि भूमिहीन, उन्हाळ्यात हाताला काम शोधणारे. सरासरी पंचवीस हजार माणसं घाटात राबत होती आणि जानेवारी १८६१ मध्ये हा आकडा ४२,००० वर गेला. सोळा मैलांच्या डोंगरावर बेचाळीस हजार! झोपड्या उतारावर, पाणी खाली दरीत, उन्हाळ्यात तेही आटलेलं. अशा ठिकाणी कॉलरा येतो, तसा तो आला. मेलेल्यांचा आकडा पुस्तकांतून चोवीस-पंचवीस हजार असा फिरतो. तो मला छातीठोकपणे सांगवत नाही. साथ आली की अर्धी माणसं मरण्याआधीच पळून जात आणि गावी जाऊन मेली तर ती कुणाच्या वहीत येणार? मात्र मृत्यू हजारांनी मोजावे लागले, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

कंत्राट आधी विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होतं. त्याच्या खाली छोटे कंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, मुकादमाखाली मजूर. पैसा या जिन्याने वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा अडकायचा. २० जानेवारी १८५९ रोजी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, मजूर युरोपियन देखरेखवाल्यांवर चालून गेले आणि त्यात एक गोरा माणूस मारला गेला. १८५७ चा वणवा विझून दोन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे सरकार हादरलं. चौकशीत मजुरीच्या तक्रारी खऱ्या निघाल्या. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, सार्वजनिक कामांवरच्या मालक-मजुरांचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने सोडवावेत असा कायदा झाला. त्यात मजुरालाही काम सोडून गेल्याबद्दल शिक्षा होती, तेव्हा कायदा कुणासाठी होता हे ज्याने त्याने ठरवावं. पण मजुरांच्या एका दंग्याची दखल कलकत्त्याच्या कायदेमंडळापर्यंत गेली, ही गोष्ट आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. तो इतिहास आपण गिरणीच्या भोंग्यापासून सुरू करतो. गिरण्यांच्या आधी घाट होता.

फेव्हिएलने १८५९ च्या मार्चमध्ये काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि हिंदुस्थानात उतरून काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. यानंतरचा प्रसंग कादंबरीत घातला तर खोटा वाटेल. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट परत केलं नाही. स्वतःच्या नावावर ठेवलं, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनिअरांना कामावर नेमलं आणि घाट पुरा करून दिला. घाटाच्या कामाच्या जुन्या छायाचित्रांशीही तिचंच नाव जोडलेलं आहे. बर्कली मात्र घाट सुरू झालेला पाहायला राहिला नाही. ढासळलेली तब्येत घेऊन तो विलायतेला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. आठ-नऊ महिन्यांनी, १८६३ च्या उन्हाळ्यात, गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत मुंबई-पुणे सलग गाडी सुरू झाली.

घाटातली माणसं ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात. त्यांच्या लेखी ही वाट शोधली शिंग्रोबा धनगराने. साहेबांना डोंगरातून मार्ग सापडेना, तेव्हा गुरं चारणाऱ्या शिंग्रोबाने तो दाखवला आणि बक्षीस काय हवं असं विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं. साहेबाने त्याला तिथेच गोळी घातली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खोपोलीच्या वरच्या घाटात, शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले, एसटीवाले तिथे हात जोडतात, नाणं टाकतात. या कथेला कागदाचा आधार मला दिसलेला नाही. पण बर्कलीने डोंगर पालथे घातले असं जे आपण लिहितो, त्यात त्याच्या पुढे चालणारा कुणीतरी होताच. पायवाटा ज्याच्या गुरांनी पाडल्या त्याचा हक्क लोकांनी देऊळ बांधून नोंदवून ठेवला. ही नोंद रेल्वेच्या नोंदींपेक्षा कमी प्रामाणिक आहे, असं मी म्हणणार नाही.

आता उतरणीकडे. घाट चढण्यापेक्षा उतरणं जास्त धोक्याचं होतं. तेव्हा सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. घाटाच्या इंजिनांना चाकांच्या मधे लोखंडी जोडे बसवलेले असत. ते खाली दाबून थेट रुळावर घासत न्यायचे. ठिकठिकाणी चढावर जाणारे बाजूचे आंधळे रूळ ठेवले होते, सुटलेली गाडी तिकडे वळवून थोपवण्यासाठी. तरीही जानेवारी १८६९ मध्ये खंडाळ्याकडून उतरणारी गाडी आवरली नाही. रिव्हर्सिंग स्टेशनच्या सपाटीवर ती थांबायला हवी होती. ती सपाटी ओलांडून गेली आणि खाली कोसळली. त्याआधी, १८६७ च्या पावसाळ्यात, ‘मऊ की मळी’ नावाच्या ओढ्यावरचा दगडी पूलच ढासळला होता. चार वर्षांत ढासळलेलं बांधकाम घाईचं होतं की वाईट होतं, यावर तेव्हा बरीच कागदी लढाई झाली.

असं असूनही ही वाट छासष्ट वर्षं चालली. ती बंद पडली ती अपघातांमुळे नव्हे. गाड्या लांब झाल्या. सोंडेवरच्या त्या सपाटीत मावतील एवढेच डबे जोडता येत. फलाट वाढवायला पुढे डोंगरच नव्हता. शिवाय प्रत्येक गाडीचं इंजिन सोडायचं, फिरवायचं, पुन्हा जोडायचं, यात वेळ जायचा आणि मागची गाडी खोळंबायची. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई-पुणे वाहतूक इतकी वाढली की या बाटलीच्या तोंडातून ती जाईना. त्याच सुमारास वीज आली. ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचं वीजघर उभारलं आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये कल्याण ते पुणे विजेची गाडी सुरू झाली. घाटात मालगाड्या ओढायला जी विजेची इंजिनं आली, त्यांची लांब पुढे-मागे नाकं आणि कण्हत सरकण्याची चाल पाहून रेल्वेतल्या माणसांनी त्यांना ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव आमच्या किनाऱ्यावरच्या कुणी दिलं असेल, अशी माझी आपली समजूत आहे. त्यांतलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

विजेच्या इंजिनाला धूर नाही, त्यामुळे लांब बोगदा परवडू लागला. मग जी सोंड बर्कलीने वळसा टाळून चुकवली होती तीच नव्या बोगद्यांनी भोसकली, गाडी सरळ खंडाळ्याला जाऊ लागली आणि रिव्हर्सिंग स्टेशन एकाएकी निरुपयोगी झालं. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. ती त्या सपाटीवर कधी थांबली नाही. नव्या वाटेशिवाय तिचा तो वेग शक्यच नव्हता.

थळघाटातही असंच एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं आणि तेही असंच गेलं. तिथली कथा थोड्याफार फरकाने हीच.

सोडलेल्या वाटेचं पुढे काय झालं? तिचा काही भाग रस्त्याने गिळला. घाटाच्या त्या चिंचोळ्या पट्टीत जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि रेल्वे एकमेकांना खेटून जातात. जागा मिळेल तिथे रस्तेवाल्यांनी रेल्वेची जुनी सपाटी वापरली. आयती समतल जागा कोण सोडतो? खंडाळ्याच्या खाली, अमृतांजन पॉइंटच्या आसपास, घडीव काळ्या दगडाचं जुनं बांधकाम अजून दिसतं. नव्या काँक्रीटशेजारी ते चटकन ओळखू येतं, कारण प्रत्येक दगडावर छिन्नीचे घाव आहेत. रस्त्यावरचा १८३० चा अमृतांजन पूल मात्र आता नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा होता ती संधी साधून, तो सुरुंग लावून पाडला. द्रुतगती मार्गावर त्याची अडचण होती हे खरं. पण दोनशे वर्षांना टेकलेली वास्तू पाडण्याआधी तिची जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही, हेही खरं. बोगद्यांची अडचण कुणाला नाही म्हणून ते उरलेत.

आता कोकणाकडे येतो, कारण हा सगळा इतिहास मला रत्नागिरीच्या स्टेशनावर उभा राहिल्यावरच नीट कळला. सह्याद्री चढून गेलेली रेल्वे सह्याद्रीच्या पायथ्याने दक्षिणेला यायला सव्वाशे वर्षं लागली. दिव्याहून आपट्यापर्यंत ती १९६६ मध्ये आली, रोह्याला १९८६ मध्ये. नाथ पै आणि मधू दंडवते संसदेत बोलत राहिले, अ. ब. वालावलकर आयुष्यभर नकाशे आणि अर्ज घेऊन फिरले. १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची ७४१ किलोमीटरची वाट खुली झाली. नव्वदीच्या वर बोगदे, त्यांची एकूण लांबी ऐंशी किलोमीटरहून जास्त. स्वीडनची यंत्रं कातळ भराभर खोदत होती. जिथे कातळ नव्हता तिथे मात्र या यंत्रांचा इलाज चालेना. पेडण्याच्या बोगद्यात ओली चिकणमाती पुनःपुन्हा ढासळत राहिली आणि त्या एका बोगद्याने सगळ्या मार्गाला खोळंबवून ठेवलं. बर्कलीच्या माणसांना कातळाचा त्रास झाला, श्रीधरन यांच्या माणसांना मातीचा.

माणसं इथेही गेली, काही दरडीखाली, काही बोगद्यात. पण इथे एक गोष्ट वेगळी घडली. रत्नागिरी स्टेशनाशी या मार्गावर काम करताना गेलेल्यांचं श्रमशक्ती स्मारक उभं आहे आणि रेल्वेचे अधिकारी तिथे पुष्पचक्र वाहतात. गाडी पकडायच्या घाईत त्याकडे फारसं कुणी बघत नाही, ते जाऊ द्या. ते आहे, एवढं पुरे.

बोरघाटात असं काही नाही. बर्कलीचं नाव सगळ्या इतिहासांत आहे, ते असायलाच हवं. ॲलिस ट्रेडवेलचं नाव अलीकडे लोक आवर्जून काढतात, तेही योग्यच. शिंग्रोबाला देऊळ आहे. बेचाळीस हजारांना काहीच नाही.

ज्यांना हे पाहायचं आहे त्यांनी एक पथ्य पाळावं. घाटातली रेल्वे जिवंत आहे. जुने आणि वापरातले बोगदे काही ठिकाणी इतके जवळ आहेत की नवख्याला फरक कळत नाही. रुळावर उतरणं हा गुन्हा आहे आणि उतारावरून येणारी गाडी ऐकू येईपर्यंत फार उशीर होतो. पावसाळ्यात तर दरडींमुळे तिकडे फिरकूच नये. खंडाळ्याहून, रस्त्याच्या सुरक्षित बाजूने, नाहीतर गाडीच्या खिडकीतून जे दिसतं ते पुष्कळ आहे. कर्जत सुटल्यावर डब्यातला वडापाव बाजूला ठेवून दरीच्या बाजूला बसा, म्हणजे झालं.

आणि मध्य रेल्वेला एक सांगणं. खंडाळा स्टेशनच्या फलाटावर एक दगडी पाटी लावावी. तिच्यावर रिव्हर्सिंग स्टेशनचा नकाशा असावा, १८६३ आणि १९२९ ही दोन सालं असावीत आणि जानेवारी १८६१ मध्ये या डोंगरात ४२,००० माणसं काम करत होती, हे मराठीत लिहिलेलं असावं. खर्च फार नाही. रत्नागिरीला जे जमलं ते खंडाळ्याला न जमण्याचं कारण नाही.